धोका, इशारा की खबरदारी? मशीनच्या मॅन्युअलमधले शब्द

उद्यमबागकर
नमस्कार. आमच्याकडे हायड्रॉलिक प्रेस, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी दाबयंत्रं, तयार होतात. मॅन्युअल आजवर इंग्रजीतच जायचं. आता चालवणाऱ्यांसाठी मराठी आणि कन्नड प्रत काढायची आहे आणि ते काम माझ्याकडे आलंय. इंग्रजीत डेंजर, वॉर्निंग, कॉशन, नोटीस असे चार ठळक शब्द आहेत. कोश उघडला तर धोका, इशारा, सावधान, खबरदारी, दक्षता, ताकीद, सूचना हे सगळे एकमेकांच्या जागी दिलेले. कुठे कोणता वापरावा? शिवाय या कामालाच मराठीत काय म्हणतात, तंत्रलेखन की तांत्रिक संप्रेषण?

हत्तरगीवाला
विमानाच्या सुट्या भागांची कागदपत्रं करणं हीच माझी नोकरी, म्हणून लिहितो. हे चार शब्द समानार्थी नाहीत, त्यांच्यात चढउतार ठरलेला आहे. धोक्याच्या पाट्या आणि सूचनांसाठी अमेरिकेचं एएनएसआय झेड५३५ हे मानक आहे, त्यात डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. वॉर्निंग म्हणजे तेवढंच वाईट होऊ शकतं. कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. नोटीस म्हणजे माणसाला इजा नाही, यंत्राचं किंवा मालाचं नुकसान. रंगही ठरलेले आहेत: लाल, नारिंगी, पिवळा, निळा.

खरं आमच्याकडे हिशेब वेगळा. विमानाच्या कागदपत्रांत वॉर्निंग माणसासाठी आणि कॉशन यंत्रासाठी. त्यामुळे तुमचं इंग्रजी मॅन्युअल कोणत्या मानकाने लिहिलंय ते आधी पाहा, मराठी शब्द नंतर शोधा.

खानापूरच्या बाई
मराठीच्या बाजूने सांगते. ‘सावधान’ ही हाक आहे, पातळीचं नाव नव्हे. कवायतीत आणि मांडवात ती ऐकून कान तयार झालेत, लक्ष वेधायला ती उत्तम. पण धोका किती मोठा ते तिच्यातून कळत नाही. ‘ताकीद’ माणसाला देतात, चूक झाल्यावर किंवा होऊ नये म्हणून, वरच्याने खालच्याला. मॅन्युअलमध्ये ती दरडावल्यासारखी वाटेल. ‘दक्षता’ला सरकारी वास आहे. ‘खबरदारी’ आपण घेतो, ती करायची गोष्ट आहे, धोक्याचं नाव नाही. ‘सूचना’ तर दोन टोकांना जाते: ‘मी एक सूचना करतो’ यात ऐकणं ऐच्छिक, ‘सूचनांचं पालन करा’ यात सक्ती.

‘इशारा’ वर्तमानपत्रात रोज भेटतो, मुसळधार पावसाचा आणि आंदोलनाचा. माझी हरकत याच शब्दाला आहे. कारखान्यात इशारा म्हणजे हाताची खूण. क्रेनवाल्याला खालून इशारे करणारा माणूस असतो ना? त्याला ‘इशारा: क्रेनखाली उभे राहू नका’ असं वाचायला दिलंत तर पहिल्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे हातच येईल.

कामाच्या नावाचं थोडक्यात. ‘संप्रेषण’ आणि ‘संज्ञापन’ विद्यापीठात ठीक आहेत, बोलताना कुणी वापरत नाही. ‘तंत्रलेखन’ सोपं आहे, रुळेलही. फक्त त्यात चित्रं, व्हिडिओ, मशीनच्या पडद्यावरचा मजकूर हे येत नाही, एवढं लक्षात ठेवून वापरा.

निपाणीकर
बाईंचं पटलं. मी मराठी-कन्नड दोन्हीकडून अनुवाद करतो. आपल्या सीमाभागात विजेच्या डीपीवर कन्नडमध्ये ‘अपाय’ लिहिलेलं असतं. मराठी माणसाला तो शब्द परका नाही, पण मराठीत अपाय म्हणजे झालेली हानी आणि कन्नडमध्ये अपाय म्हणजे समोर उभा असलेला धोका. उलट आपला ‘धोका’ कन्नड कामगाराने ऐकला तर त्याला फसवणूक आठवू शकते. मराठीतही ‘धोका दिला’ म्हणतोच की.

म्हणून चार वेगळे शब्द शोधायच्या मागे मी लागणार नाही. एकच शब्द धरा आणि पुढे काय होईल ते लिहा: ‘जीवाला धोका’, ‘गंभीर इजेचा धोका’, ‘इजेचा धोका’, ‘यंत्राचे नुकसान’. कन्नडमध्ये पहिल्याला ‘प्राणापाय’ हा रुळलेला शब्द आहेच. डेंजरमधलं ‘होणारच’ आणि वॉर्निंगमधलं ‘होऊ शकते’ हा फरक खालच्या वाक्यात आणायचा. रंग मानकाप्रमाणे ठेवायचे, म्हणजे तिन्ही भाषांची पानं शेजारी ठेवली तरी पातळी जुळेल.

उद्यमबागकर
हे छान जमेल असं दिसतंय, दादा. एक प्रयोग केला तोही सांगतो. भाषांतराच्या एआय साधनाला पूर्ण मॅन्युअल एकदम दिलं. भाषा ओघवती आली, वाचायला बरी. पण वॉर्निंग या एकाच शब्दासाठी कुठे ‘इशारा’, कुठे ‘चेतावणी’, कुठे ‘ताकीद’. मग माणसाने नेमकं काय करायचं, असा प्रश्न पडलाय. लेखकाची नोकरी राहणार का, असंही साहेब विचारत होते.

हत्तरगीवाला
यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे.

नोकऱ्यांची चिंता खोटी नाही. अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही तंत्रलेखकांची १९५३ सालची संस्था जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. पहिला मसुदा लिहिणं आता स्वस्त झालंय, आणि फक्त तेवढंच येणाऱ्याचं अवघड आहे. पण तुम्हाला जे दिसलं ना, एका अर्थाला तीन शब्द, ते ओळखणं आणि थांबवणं हेच आता या पेशाचं मुख्य कौशल्य होत चाललंय. साधनाला मजकूर देण्याआधी शब्दसूची द्या: हा अर्थ, हाच मराठी शब्द, हाच कन्नड शब्द, आणि हे शब्द वापरायचे नाहीत. ‘चेतावणी’ त्या शेवटच्या रकान्यात टाका. तो हिंदीतून येतो. मराठीत चेतवणं म्हणजे पेटवणं.

विमान उद्योगाने हे फार आधी केलं. सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाची नियमबद्ध इंग्रजी आहे, तिची सुरुवात १९८०च्या दशकातली. मान्य शब्द सुमारे ९००, आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५. ‘फॉलो’ म्हणजे फक्त मागून येणं. नियम पाळण्यासाठी तो चालत नाही, तिथे ‘ओबे’. मराठीसाठी अशी शिस्त प्रत्येक कारखान्याने आपल्यापुरती बसवली तरी पुष्कळ.

दुसरा बदल असा की मॅन्युअल आता पहिल्या पानापासून कुणी वाचत नाही. कामगार मोबाइलवर प्रश्न विचारतो आणि एआय मॅन्युअलमधला एक तुकडा उचलून उत्तर देतं. धोक्याची सगळी माहिती तुम्ही पहिल्या प्रकरणात ठेवली असेल आणि पायरी नवव्या प्रकरणात, तर त्याच्या हातात फक्त पायरी येईल. तुकड्यांत लिहायची पद्धत नवी नाही, त्यासाठीचं डिटा हे मानक २००५ पासून आहे. पण आता धोक्याचं वाक्य त्याच तुकड्यात आणि पायरीच्या आधी असलंच पाहिजे.

तुमच्या प्रेस युरोपला जात असतील तर आणखी एक. तिथला नवा यंत्रविषयक नियम, २०२३/१२३०, २० जानेवारी २०२७ पासून लागू होतोय. त्यात सूचना डिजिटल रूपात द्यायची मुभा आहे, खरेदीच्या वेळी ग्राहकाने मागितली तर छापील प्रत मात्र द्यावी लागेल.

फाउंड्रीतला
मी भट्टीवर असतो. इंग्रजी बोर्डवर नुसतं ‘वेट स्क्रॅप प्रोहिबिटेड’ लिहिलेलं असतं. नवीन पोरगं विचारतं, अण्णा, का? असं लिहा: ‘जीवाला धोका. ओलं भंगार भट्टीत टाकू नका. पाण्याची वाफ होऊन वितळलेल्या धातूचा रस उसळतो.’ पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पटीने फुगते, हे एकदा कळलं की पोरगं भंगार हात लावून बघतं.

आणि साहेब, ‘लावणे’ हा शब्द जपून वापरा. दार लावा म्हणजे बंद करा. पंखा लावा म्हणजे सुरू करा. व्हॉल्व्ह लावा म्हणजे काय? बसवा, की बंद करा?

खानापूरच्या बाई
अगदी नेमकं बोललात! ‘बसवा’, ‘सुरू करा’, ‘बंद करा’ हे तीन घ्या आणि ‘लावा’ पूर्ण वगळा. ‘बंद’लाही जोड द्या: मोटर बंद करा, व्हॉल्व्ह पूर्ण फिरवून बंद करा.

निपाणीकर
कन्नडमध्ये हीच गत ‘तेगे’ची. ‘बागिलु तेगे’ म्हणजे दार उघड, आणि तेगे म्हणजे काढून टाक असंही. प्रेसचं संरक्षक झाकण उघडायचं असताना कुणी काढूनच ठेवलं तर? उघडण्यासाठी ‘तेरेयिरि’, काढण्यासाठी ‘तेगेदुहाकि’, असे दोन वेगळे शब्द सूचीत टाका.

उद्यमबागकर
सगळे शब्द सूचीत घेतले. छापण्याआधी दोन्ही भाषांतल्या ऑपरेटरना पान हातात देऊन मशीनसमोर वाचून घेणार आहे. शेवटचं एक: दुरुस्ती चालू असताना मशीन कुणी सुरू करू नये म्हणून कुलूप घालतात, त्या ‘लॉकआउट’ला काय लिहू?

फाउंड्रीतला
नाव ‘लॉकआउट’च राहू द्या, सगळे तेच म्हणतात. खाली लिहा: मेन स्विच बंद करा. कुलूप लावा. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. इथे ‘लावा’ चालेल ना बाई?

खानापूरच्या बाई
चालेल. कुलुपाच्या बाबतीत दुसरा अर्थ निघत नाही. सूचीत तेवढा अपवाद नोंदवा.