टाकीला सिलिकॉन लावा असं कुणाला सांगू नका

रिवेटवाला: पंखवेडा यांनी काल लिहिलं: "घरी विमान बांधताना पॉलिसल्फाइडच्या मागे लागू नका. खिडकीला लावतात ते सिलिकॉन टाकीलाही चालतं. गोंदाचंही तेच, एपॉक्सी इथून तिथून सारखीच." हे वाचून नवा माणूस तसंच करेल, म्हणून सविस्तर लिहितोय. पॉलिसल्फाइड म्हणजे इंधनाच्या टाकीचे सांधे बंद करायचं, दोन भाग कालवून लावायचं सीलंट. पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं, मऊ होतं आणि सुटतं. सुटलेला तुकडा टाकीच्या जाळीवर बसला की इंजिन उपाशी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं, ते अ‍ॅल्युमिनियम खातं. आणि सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर नंतर ना रंग धरत, ना दुसरं सीलंट.

पंखवेडा: माझी टाकी दोन वर्षांत एक थेंब गळलेली नाही. पॉलिसल्फाइड कालवायचं, ते हाताला, केसांना, सगळीकडे लागतं, आणि त्यातलं बी-२ प्रकारचं घेतलं तर दोन तासांत संपवायचं. कशासाठी?

रिवेटवाला: दोन वर्षं फार नाहीत. मित्राच्या टाकीत आतून फिरवायचा लेप ओतला होता. कित्येक वर्षं काही झालं नाही, मग त्याचे पापुद्रे निघाले. जाळी काढली तेव्हा ती अर्धी झाकलेली होती. जमिनीवर कळलं म्हणून तो आज आहे.

जुना सुतार: टाकीचं तुम्ही बघा. मला "एपॉक्सी सारखीच" हे खटकलं. मुळात लाकडाला रिसॉर्सिनॉल गोंदच. दुसऱ्या महायुद्धातली लाकडी मॉस्किटो विमानं आधी केसीनने, म्हणजे दुधापासूनच्या गोंदाने, जोडली, दमट हवेत तो गोंद टिकेना म्हणून युरिया-फॉर्मल्डिहाइडवर आले. रिसॉर्सिनॉल उकळत्या पाण्यातही सुटत नाही.

कॅनोपी: काका, रिसॉर्सिनॉलला सांधा अगदी घट्ट बसलेला हवा, क्लॅम्पचा जबर दाब हवा आणि २१ अंशांच्या वर तापमान हवं. घरच्या शेडमध्ये हे प्रत्येक सांध्याला जमतं का? टी-८८ ही एपॉक्सी थोडी फट भरून काढते आणि थंडीतही वाळते.

जुना सुतार: आणि उन्हात मऊ पडते. गडद रंगाच्या पंखाला दुपारी हात लावून बघ.

कॅनोपी: म्हणून तर पंख पांढरे रंगवायचे. पण हो, उष्णतेचा मुद्दा तुमचा.

पंखवेडा: मी टी-८८च वापरतो. डिजिटल काट्यावर दोन्ही भाग समान, ग्रॅमला ग्रॅम. माझ्याइतकं काटेकोर कुणी मोजत नसेल.

जुना सुतार: थांबा. वजनाने समान?

पंखवेडा: एकास एक. डब्यावर लिहिलंय.

जुना सुतार: ते आकारमानाने! वजनाने १०० भाग रेझिनला ८३ भाग हार्डनर पडतं. म्हणजे प्रत्येक वेळी हार्डनर जास्त गेलाय. किती रिब्ज, पंखाच्या फासळ्या, जोडल्यात?

पंखवेडा: आवाज चढवू नका. पॉलिसल्फाइड वजनानेच मोजतात ना, दहास एक?

रिवेटवाला: पॉलिसल्फाइड वजनाने. टी-८८चं एकास एक आकारमानाने. प्रत्येक गोंदाचं माहितीपत्रक वेगळं असतं, आणि ते कुणी वाचत नाही हीच माझी कायमची तक्रार आहे.

कॅनोपी: खरंय. मी नटांना थ्रेडलॉकर, म्हणजे नट सैल होऊ नयेत म्हणूनचा गोंद, लावलं, ते ओघळून कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, अ‍ॅक्रिलिकवर गेलं. सकाळी भोकांभोवती बारीक तडे. अख्खी कॅनोपी बदलली. ट्यूबवर इशारा छापलेला होता.

जुना सुतार: पंखवेडा, वाद नको. प्रत्येक मिश्रणातून नमुन्याचा सांधा ठेवला असेल तर मोडून बघा. लाकूड फाटलं पाहिजे. गोंदाची रेघ सुटली तर तो सांधा बाद.

पंखवेडा: नमुने ठेवलेत, तेवढा अडाणी नाही मी.

पंखवेडा: मोडले. सातपैकी चार गोंदातच सुटले. रेघेत नख रुततंय. अकरा रिब्ज त्या मिश्रणांच्या आहेत, पुन्हा करतोय. टाकीबद्दलचं वाक्यही काढतो. पॉलिसल्फाइड घाणेरडंच आहे, ते मत बदलणार नाही.

जुना सुतार: पहिली रिब जोडण्याआधी नव्या मिश्रणाचा नमुना मोडा. आणि काय झालं ते इथे लिहा.