मदत हवी आहे: झिंक सेलेनाइडच्या झेड-स्कॅनमध्ये अपवर्तनांक प्रमाणाबाहेर घटलेला दिसतो, कारण काय असावे?

नमस्कार. मी भौतिकशास्त्राचा संशोधक विद्यार्थी असून तीव्र लेसर प्रकाशामुळे घन पदार्थाचा अपवर्तनांक किती बदलतो, हे झेड-स्कॅन पद्धतीने, म्हणजे नमुना झोताच्या अक्षावर पुढेमागे सरकवून, मोजत आहे. नमुना 1 मिमी जाडीचा, दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला झिंक सेलेनाइड आहे. लेसर एनडी-यॅग, तरंगलांबी 532 नॅनोमीटर, स्पंद 7 नॅनोसेकंदांचे. नाभीपाशी झोताची त्रिज्या सुमारे 20 मायक्रॉन असल्यामुळे रेले अंतर (नाभीपासून झोत फारसा न पसरता जातो ते अंतर) साधारण 2.4 मिमी भरते आणि नमुना पातळ मानता येतो.

नमुना भिंगाकडून डिटेक्टरकडे सरकवताना बंद अपर्चरच्या (डिटेक्टरपुढे लहान छिद्र ठेवून काढलेल्या) आलेखात आधी शिखर व नंतर दरी येते. म्हणजे नमुना अंतर्गोल भिंगासारखा वागतो आणि त्याचा अपवर्तनांक तीव्रतेबरोबर घटतो. या ऋण चिन्हाचे मला आश्चर्य नाही. झिंक सेलेनाइडचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मुक्त व्हायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे 2.7 इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, हिरव्या फोटॉनची ऊर्जा 2.33 आहे, आणि 1990 साली शेक-बहाई व सहकाऱ्यांनी पिकोसेकंद स्पंद वापरून याच तरंगलांबीला एकक तीव्रतेमागील या बदलाचे ऋण मूल्य नोंदवले होते. अडचण आकड्याची आहे. माझे मूल्य त्यांच्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठे येते आणि स्पंदाची ऊर्जा 1 वरून 2 मायक्रोज्यूल केली, की जे स्थिर राहायला हवे तेच जवळपास दुप्पट होते. शिवाय शिखर आणि दरी यांच्यातील अंतर अपेक्षित 4 मिमी न येता 3 मिमीच्या आतच राहते.

मार्गदर्शकांच्या मते हा उष्णतेचा परिणाम आहे. परंतु या पदार्थाचा अपवर्तनांक तापमानाबरोबर वाढतो, तेव्हा उष्णतेमुळे चिन्ह धन यायला हवे होते. त्यांच्यापुढे हा मुद्दा मांडण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून विचारतो: द्विफोटॉन शोषणातून (दोन फोटॉन एकदम शोषले जाऊन) सुटलेले मुक्त वाहक, म्हणजे मोकळे विद्युतभार, हे याचे कारण असेल का, आणि असल्यास बद्ध (अणूंशी बांधलेल्या) इलेक्ट्रॉनांचा वाटा याच नोंदींतून वेगळा काढता येईल का?

प्रतिसाद:

आपला तर्क बरोबर आहे आणि उत्तर आपल्याच नोंदींत आहे. बद्ध इलेक्ट्रॉनांमुळे होणारा बदल तीव्रतेच्या प्रमाणात असतो व तेव्हा शिखर-दरी अंतर रेले अंतराच्या 1.7 पट येते. वाहकांमुळे होणारा बदल तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो व ते अंतर सुमारे 1.2 पटीवर, म्हणजे आपल्या मांडणीत 2.8 मिमीवर येते.

कलाबदल (नमुन्यातून जाताना प्रकाशलहरीच्या कलेत पडणारा फरक) भागिले तीव्रता असा आलेख तीव्रतेसमोर काढा. त्याचा चढ वाहकांचा आणि अक्षावरील छेद बद्ध इलेक्ट्रॉनांचा. मात्र छेदावर फार विसंबू नका. 1 मायक्रोज्यूलला बद्ध इलेक्ट्रॉनांचा कलाबदल अंदाजे 0.02 रेडियन, तर वाहकांचा, स्पंद संपेपर्यंत ते टिकून राहिले असे धरल्यास, त्याच्या दहापट निघतो. हे गुणोत्तर क्षेत्रफळामागील ऊर्जेवर अवलंबून असल्याने ऊर्जा कमी करून ते सुधारेल खरे, पण तोवर मूळ संकेतच गोंगाटात बुडेल. त्यासाठी पिकोसेकंद लेसरच हवा. तीच तीव्रता तिथे फार थोड्या ऊर्जेत मिळते.

तूर्त प्रबंधात या आकड्याला केर गुणांक (फक्त बद्ध इलेक्ट्रॉनांमुळे येणारे मूल्य) म्हणू नये. 'नॅनोसेकंद स्पंदांसाठीचे परिणामी मूल्य' असे लिहून सोबत स्पंदाची ऊर्जा आणि कालावधी द्यावा.