भूकंपाच्या भीतीने टॉवर नाकारून सात मजली इमारत घ्यावी का?

कातळ :
आमच्या नात्यातल्या साठीच्या एका जोडप्याने परळचा ३८व्या मजल्यावरचा फ्लॅट भूकंपाच्या धास्तीने नाकारला आणि ठाण्यात एका सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. तिथे तळमजल्यावर एकही भिंत नाही, नुसते कॉलम आणि पार्किंग. मला हा निर्णय साफ उलटा वाटतो.

प्रत्येक इमारतीला डोलण्याची आपली लय असते. ढोबळमानाने मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग धरतात. सात मजली इमारत पाऊण सेकंदाच्या आत एक हेलकावा घेते, साठ मजली टॉवरला पाच-सहा सेकंद लागतात. जवळच्या भूकंपाचे धक्के कातळावर भराभर येतात आणि बुटक्या इमारतीच्या लयीला नेमके जुळतात. मोकळ्या तळमजल्याचं दुखणं आणखी वेगळं. वरचे मजले विटांच्या भिंतींमुळे ताठ, एकसंध हलतात आणि वाकायची सगळी पाळी खालच्या कॉलमवर येते. २६ जानेवारी २००१ला अहमदाबादेत हेच झालं. केंद्र दोनशेहून जास्त किलोमीटर लांब, भुजच्या बाजूला. तरी पार्किंगवर उभ्या असलेल्या कितीतरी इमारती खाली बसल्या.

आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय कोडच्या २०१६च्या आवृत्तीत मुंबई मध्यम धोक्याच्या झोन ३मध्ये येते. इथल्या उंच टॉवरचं डिझाइन बहुतेकदा वाराच ठरवतो.

भिंगरी :
असहमत. तुम्ही जवळचा भूकंप आणि पायाखाली कातळ धरून चालला आहात. तुमचंच अहमदाबाद बघा, लांबचा भूकंप आणि साबरमतीचा गाळ! दूरवर पोचेपर्यंत भराभर येणारे धक्के विरतात, संथ लाटा उरतात, आणि मऊ मातीत त्या वाढतात. १९ सप्टेंबर १९८५ला मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या चिखलाने दोन सेकंदांची लय धरली आणि शहराची दैना झाली. २८ मार्च २०२५ला म्यानमारमध्ये भूकंप झाला आणि हजार किलोमीटरवर बँकॉकमध्ये तीसहून जास्त मजल्यांची, काम चालू असलेली सरकारी इमारत काही सेकंदांत कोसळली. आपल्याकडे खाडीकाठी गाळ आणि भराव नाही का?

कातळ :
मेक्सिकोत सर्वांत जास्त मार सहा ते पंधरा मजली इमारतींना बसला. १९५६ साली उभा राहिलेला ४४ मजली तोरे लातिनोअमेरिकाना शाबूत राहिला. बँकॉकमध्ये गच्चीवरच्या तलावांचं पाणी खाली कोसळलं, पण माणसं राहत होती ते टॉवर उभे राहिले. खाडीकाठी पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, कातळापर्यंत नेतात.

भिंगरी :
पाइलमुळे इमारत खचत नाही. गाळाचं हलणं त्याने थांबत नाही.

गच्चीवाला :
वाऱ्याचं इतक्या सहज म्हणून सोडू नका. मुंबईसाठी आयएस ८७५ या वाऱ्याच्या भारतीय कोडमध्ये मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. शिवाय वारा इमारतीच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सोडतो, त्यामुळे ती वाऱ्याला आडवी डोलते. त्या भोवऱ्यांची लय इमारतीच्या लयीशी जुळली तर साधा वाराही पुरतो. १८ मे २०२१ला चीनमधल्या शेनझेनच्या एसईजी प्लाझा या टॉवरमधून माणसं जीव मुठीत धरून बाहेर पळाली. भूकंप नव्हता; माथ्यावरचा मनोरा वाऱ्याने थरथरत होता, तो नंतर काढला. तैवानच्या तैपेई १०१ टॉवरमध्ये डोलणं कमी करायला ६६० टनांचा गोळा टांगून ठेवलाय तो याचसाठी; ऑगस्ट २०१५च्या वादळात तो मीटरभर हलला. उंचीच्या पाचशेव्या भागाइतकं सरकणं कोडला चालतं, म्हणजे २०० मीटरच्या टॉवरचा माथा ४० सेंटीमीटर. इमारत त्याने पडत नाही, पण आत माणसाला मळमळतं. ग्राहकाला हे सांगतो कोण?

साइटवरचा :
वारा आणि भूकंप एका मापाने मोजू नका. वाऱ्यात इमारतीला काहीही इजा होता कामा नये, असं धरून डिझाइन होतं. भूकंपाचं तसं नाही. तिथे खरा जोर चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आणून हिशेब करतात, सळई ताणली जाईल, तडे जातील, पण इमारत पडणार नाही या भरवशावर. आणि तो भरवसा कॉलमच्या रिंगवर, म्हणजे उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या आडव्या सळईवर असतो. रिंगचं टोक १३५ अंशांत वळवून आत काँक्रीटमध्ये घुसलं पाहिजे. लहान साइटवर फिटर ते ९० अंशांवरच सोडतो, कारण बसवायला सोपं जातं. धक्क्यात बाहेरचं काँक्रीट झडलं की ती रिंग उघडते आणि उभ्या सळया फाकतात. मोठ्या टॉवरवर सल्लागार असतात, डिझाइन महापालिकेच्या तांत्रिक समितीपुढे जातं. सात मजली इमारतीत स्लॅब भरण्याआधी रिंग वाकून बघणारा कुणी असेलच असं नाही.

भिंगरी :
हा मुद्दा पटतो. पण ते जोडपं चुकलं असं मी तरीही म्हणणार नाही. ११ मार्च २०११ला जपानमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा ओसाकातली २५६ मीटर उंच सरकारी इमारत केंद्रापासून सातशेहून जास्त किलोमीटरवर होती. माथा मीटरहून जास्त हलला, लिफ्टमध्ये माणसं अडकली. लिफ्ट बंद, वीज नाही, अशा वेळी साठीच्या माणसांनी ३८ मजले उतरायचे कसे? तिसऱ्या मजल्यावरून ती निदान चालत बाहेर पडतील.

कातळ :
तिसरा मजला तळमजल्यावर बसला नाही तर. आयएस १८९३च्या २०१६च्या आवृत्तीत मोकळा मजला काँक्रीटच्या भिंती किंवा ब्रेसिंग (तिरके आधार) देऊन ताठ करायला सांगितलं आहे. घर घेतलंच आहे, तर सोसायटीच्या पुढच्या सभेत त्यांनी स्ट्रक्चरल ऑडिट मागावं आणि गरज असेल तिथे कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून सळई-काँक्रीटचा नवा थर, करून घ्यावं. त्यासाठी दोन-तीन गाड्यांची जागा गेली तरी जाऊ द्यावी.