दुकानात शिडीवरून पडले, मॅनेजर म्हणतो घरी पडले असं सांग. काय करू?

हडपसरकर_मी:
नमस्कार. पुण्यात एका सुपरमार्केटमध्ये फ्लोअरला आहे, दोन वर्षं झाली, पण पगार कॉन्ट्रॅक्टरकडून येतो. 9 दिवसांपूर्वी वरच्या रॅकला तेलाचे बॉक्स लावत होते, शिडी सरकली आणि उजव्या हातावर पडले. मनगट फ्रॅक्चर, ऑपरेशन करून प्लेट टाकलीय. शिडीचं खालचं रबर कधीचं गेलेलं, मी ग्रुपवर फोटो टाकून सांगितलं पण होतं. मॅनेजरच जवळच्या प्रायव्हेट हॉस्पिटलला घेऊन गेला आणि केस पेपरवर कारण लिहवलं "घरी बाथरूममध्ये घसरून", मी तेव्हा दुखण्याने अर्धमेली झालेली, कुठे लक्ष असणार. बिल 62 हजार, त्यांनी 10 दिले आणि आता म्हणतात आधी एका कागदावर सही कर की तुझं कंपनीकडून काही येणं नाही, मग बाकीचं बघू. पगाराच्या स्लिपवर ईएसआयचे (कर्मचाऱ्यांचा सरकारी विमा) 114 रुपये कापतात पण कार्ड कधी दिलंच नाही. आई म्हणते करून टाक सही, निदान नोकरी तरी राहील.

जुना_कामगार:
सही अजिबात करू नका ताई. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे ना, मागितली की तोच दाखवा. आणि असं लिहून घेतलं तरी कायद्याने मिळणारा हक्क त्याने जात नाही, पण नंतर तोच कागद नाचवतात आणि आपण भांडत बसतो, म्हणून नकोच.

वकिलाचा_भाऊ:
सरळ वकिलाची नोटीस पाठवा मालकाला, लेबर कोर्टात केस टाका नुकसानभरपाईची. घाबरतात मग.

पेरोलवाली:
थांबा, नोटीस नंतर. मी दहा वर्षं पगारपत्रकंच करतेय म्हणून सांगते. 114 म्हणजे 15,200 चे पाऊण टक्का, म्हणजे तुम्ही ईएसआयमध्ये आहात (21 हजारांपर्यंत पगार असला की येतोच). आणि एकदा ईएसआय लागू असलं की त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, जे मिळायचं ते ईएसआय महामंडळाकडून. लेबर कोर्टाचा रस्ता ज्यांना ईएसआय नाही त्यांचा, तिथे काम करता येत नाही तोपर्यंत दर पंधरवड्याला पगाराच्या 25 टक्के आणि उपचाराचा खर्च मालकाकडून, दावा दोन वर्षांच्या आत. 21 नोव्हेंबर 2025 पासून ईएसआयचा आणि भरपाईचा असे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेत, त्यामुळे कुणी जुनी कलमं सांगितली तर गोंधळू नका.

तुमच्या केसमध्ये कामावरच्या जखमेसाठी रोजच्या पगाराच्या 90 टक्के मिळतात, म्हणजे दिवसाला साडेचारशेच्या आसपास, डॉक्टर अनफिट म्हणतात तोपर्यंत. साधं आजारपण धरलं तर 70 टक्केच आणि तेही 91 दिवसांपर्यंत, शिवाय त्याला आधीचे हप्ते भरलेले लागतात. कामावरच्या अपघाताला ती अट नाही, पहिल्या दिवशी पडलात तरी चालतं. आता कळलं ना "घरी पडली" का लिहवलं ते? म्हणून सगळ्यात आधी तो केस पेपर. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना भेटा, खरं काय झालं ते लेखी अर्जात द्या आणि पोच घ्या. दुसरं, मॅनेजर आणि कॉन्ट्रॅक्टर दोघांना आजच्या आज मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप, तारीख वेळ आणि कोण कोण तिथे होतं त्यासकट, आणि फॉर्म 12 भरा म्हणून सांगा, अपघाताचा रिपोर्ट असतो तो, मालकानेच द्यायचा असतो. सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असं त्याच मेसेजमध्ये लिहा, पुसलं जायला वेळ लागत नाही.

हडपसरकर_मी:
कॉन्ट्रॅक्टरने पैसे कापून भरलेच नसतील तर?

पेरोलवाली:
तरी तुमचा हक्क जात नाही, महामंडळ तुम्हाला देऊन नंतर त्यांच्याकडून वसूल करू शकतं. आणि कॉन्ट्रॅक्टरने हात वर केले तर मूळ दुकानवाल्यावर येतं. आधी 1800112526 वर फोन करून तुमच्या नावावर इन्शुरन्स नंबर आहे का विचारा.

भाजीवाला_इंजिनिअर:
माझ्या मावसभावाचं असंच झालं होतं, गोडाऊनला. पैसे मिळाले पण चार चकरा झाल्या, दर वेळी एक कागद कमी. आणि एक लक्षात ठेवा, प्लास्टर निघाल्यावर मनगट पूर्वीसारखं वळलं नाही तर मेडिकल बोर्ड मागा. कमाईची क्षमता किती टक्के गेली ते बोर्ड ठरवतं आणि त्यानुसार कायमचे दरमहा पैसे सुरू होतात. आमच्या भावाला हे सांगितलंच नव्हतं कुणी, नशिबाने ओपीडीच्या लायनीत एका काकांनी सांगितलं.

हडपसरकर_मी:
अपडेट. नंबर निघाला! नाव चुकीचं टाकलंय आणि जन्मतारीख पण, पण पैसे भरलेले दिसतात. डॉक्टर चांगले निघाले, अर्ज घेतला आणि केस पेपरवर "कामाच्या ठिकाणी शिडीवरून पडून, पेशंटने सांगितल्याप्रमाणे" असं लिहून सही शिक्का दिला. मॅनेजरला मेसेज केल्यावर त्याचे लगेच तीन फोन, मी उचलले नाहीत, म्हटलं लिहून पाठवा. ग्रुपमधून काढलंय मला पण शिडीचा फोटो आईच्या फोनवर सेव्ह होता. 62 हजारांचं काय होईल?

पेरोलवाली:
ग्रुपमधून काढलं त्याचा स्क्रीनशॉट पण ठेवा. ईएसआयकडे बिलाचा अर्ज टाका, इमर्जन्सी होती म्हणून बाहेर नेलं असं लिहा, पूर्ण मिळतील असं मी सांगणार नाही. आणि ते रोजचे 90 टक्के चालू असताना त्यांना तुम्हाला कामावरून काढता येत नाही, हे आईला सांगा. उद्या ईएसआयच्या ऑफिसला, पंचदीप भवन, बिबवेवाडीत, आधार, पासबुक, सगळ्या स्लिपा आणि केस पेपरच्या दोन दोन झेरॉक्स घेऊन जा, आधी नाव आणि तारीख दुरुस्त करा, नाहीतर पैसे तिथेच अडकतील.

हडपसरकर_मी:
भाऊ येतोय सोबत, फॉर्म भरायला. डाव्या हाताने माझं नाव मलाच वाचता येत नाही 😅