न्यूझीलंडमध्ये २० आरोग्य मंडळांचं एक झालं. वॉर्डात काय बदललं?

सावनी_मिरज:
नमस्कार. लवकरच न्यूझीलंडला स्टाफ नर्स म्हणून रुजू व्हायचंय. नेमणूकपत्रावर 'हेल्थ न्यूझीलंड – ते व्हातू ओरा' असं आहे, पण तिथे बरीच वर्षं राहिलेल्या मावसबहिणीच्या तोंडी सतत 'डीएचबी'. मी नक्की नोकरी कोणाची करणार? आपल्याकडे प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेचं, जिल्हा रुग्णालय राज्याचं, एवढं समजतं. तिथलं काही उमगत नाहीये.

वॉर्ड_सहा:
सावनी, डीएचबी म्हणजे डिस्ट्रिक्ट हेल्थ बोर्ड. २००१ पासून ती होती, शेवटी २० उरली. प्रत्येक बोर्डावर ७ जण लोकांनी निवडून दिलेले असायचे, बाकीचे मंत्र्यांनी नेमलेले. १ जुलै २०२२ ला सगळी बरखास्त झाली आणि देशभर एकच संस्था आली. तुझी मालक तीच.

हेतू मला पटला होता, आजही पटतो. जेमतेम ५० लाखांच्या देशात तुमचं घर कुठल्या बोर्डात येतं, यावर शस्त्रक्रियेचा नंबर कधी लागणार हे ठरायचं. ते चूकच होतं.

पण वॉर्डात काय झालं ते सांगते. आमचा ब्लॅडर स्कॅनर, म्हणजे मूत्राशयात किती लघवी साठलीय ते दाखवणारं यंत्र, बिघडला. बोर्ड होतं तेव्हा चार्ज नर्स (वॉर्डाची प्रमुख नर्स) अर्ज घेऊन खालच्या मजल्यावर जायची. सही करणाऱ्याला आमचा वॉर्ड माहीत असायचा. आता तोच अर्ज प्रादेशिक कार्यालयात गेला, तिथून आणखी वर. मध्येच तो हाताळणाऱ्या बाईंचं पदच पुनर्रचनेत रद्द झालं आणि कागद पुन्हा पहिल्यापासून. तोवर आम्ही शेजारच्या वॉर्डाचा स्कॅनर मागून आणायचो. रात्रपाळीला तो त्यांनाच लागत असला, की ऑपरेशन झालेले आजोबा लघवी तुंबून कळवळत असायचे आणि मी नुसती हाताने पोट चाचपत उभी. याचा मला अजून राग आहे. मोठी खरेदी, पगार, संगणक एकत्र करा ना! वॉर्डाच्या सहीचा अधिकार कशाला वर नेलात?

आणि हे बसायच्या आतच पुढचा बदल. जुलै २०२४ मध्ये या नव्या संस्थेचं संचालक मंडळ हटवून डॉ. लेस्टर लेव्हींना आयुक्त नेमलं. निर्णय पुन्हा चार प्रदेशांकडे आणि जिल्ह्यांकडे द्यायचे, असं तेव्हा ठरलं.

पोहुतुकावा:
यात माओरींचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, आरोग्य प्राधिकरण विसरू नका. ते, 'ते आका व्हाई ओरा', १ जुलै २०२२ लाच सुरू झालं आणि जून २०२४ अखेर नव्या सरकारने गुंडाळलं. माओरींचं आयुर्मान इतरांपेक्षा साधारण सात वर्षांनी कमी आहे. ही दरी दोन वर्षांत भरणार होती का? मी माओरी संस्थेच्या दवाखान्यात काम करते. तिथल्या आज्यांना स्वतःची माणसं निर्णयाला बसलेली हवी होती, आणि ते मिळता मिळता गेलं. मला हे सगळ्यात जास्त लागलं.

सावनी_मिरज:
दोघींचे आभार. पगारात फरक पडेल का?

वॉर्ड_सहा:
वेतनश्रेणी नर्सेस ऑर्गनायझेशन या युनियनच्या सामूहिक करारानुसार. युनियनची सदस्य लगेच हो. पगाराच्या संगणकप्रणाली मात्र जुन्या बोर्डांच्या, ठिकठिकाणी वेगळ्या. रजेचा हिशेब वर्षानुवर्षं चुकल्यामुळे हजारो जणांची थकबाकी काढावी लागलीय. म्हणून रोस्टर आणि पेस्लिप दर पंधरवड्याला ताडून बघ, आणि रात्रपाळीचा भत्ता आधी तपास.