मदत हवी आहे : 'एस. एस. युनायटेड स्टेट्स' हे जहाज भंगारात जाण्यापासून वाचवता येईल का?

नमस्कार मंडळी, (हा धागा ऑगस्ट २०२४ मधला आहे. यातले 'आज', 'आता', 'सध्या' हे शब्द आणि जहाजाची स्थिती त्या वेळची समजावी.)

फिलाडेल्फिया शहराच्या दक्षिण भागात, डेलावेअर नदीच्या ८२ क्रमांकाच्या धक्क्याला १९९६ सालापासून एक प्रचंड प्रवासी जहाज बांधून ठेवलेले आहे. रंगाचे पोपडे उडालेली त्याची दोन लाल-पांढरी-निळी धुराडी हमरस्त्यावरूनही दिसतात. या जहाजाने १२ सप्टेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे आजपासून जेमतेम पाच आठवड्यांत, धक्का सोडावा असा न्यायालयाचा आदेश आहे आणि ते नेऊन कोठे ठेवायचे हे अजून ठरलेले नाही. नवी जागा मिळाली नाही, तर ते भंगारात जाईल किंवा समुद्राच्या तळाशी. हा धागा त्यासाठी काढत आहे. बंदर, गोदी, जहाजबांधणी, सागरी विमा किंवा सागरी कायदा यांपैकी कशातही काम केलेल्या सदस्यांनी तो कृपया शेवटपर्यंत वाचावा.

माझा या जहाजाशी संबंध वडिलांमुळे आला. १९६१ साली ते पुण्याहून उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाले, तेव्हा मुंबईहून बोटीने इंग्लंडला गेले आणि तेथून साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा प्रवास त्यांनी या जहाजाच्या टूरिस्ट वर्गातून केला. आजीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी समुद्राविषयी फारसे काही लिहिलेले नाही. मात्र बोटीवर लाकूड कोठेच दिसत नाही, खुर्च्यांपासून कठड्यांपर्यंत सगळे आपल्या घरातल्या डब्यांसारखे ॲल्युमिनियमचे आहे, याचे त्यांना मोठे नवल वाटले होते. त्यांचे निरीक्षण अचूक होते, हे मला फार पुढे कळले. आराखडा करणारे विल्यम फ्रान्सिस गिब्स यांना आगीचा इतका धाक होता की, त्यांनी लाकूड जवळजवळ वर्ज्य केले होते. स्वयंपाकघरातला मांस कापण्याचा ठोकळा आणि आगीला दाद न देणाऱ्या लाकडाचे पियानो, एवढाच काय तो अपवाद. डेकच्या वरचा सारा डोलारा ॲल्युमिनियमचा केल्यामुळे जहाजाचे वजन कमी झाले आणि त्याच्या अफाट वेगामागे हेही एक कारण होते.

जुलै १९५२ मध्ये, पहिल्याच सफरीत, या जहाजाने न्यूयॉर्ककडून इंग्लंडकडे जाताना अटलांटिक ३ दिवस १० तास ४० मिनिटांत ओलांडला आणि 'क्वीन मेरी' या ब्रिटिश प्रवासी जहाजाचा विक्रम १० तासांनी मोडला. परतीच्या वाटेवरचा विक्रमही त्याने त्याच सफरीत घेतला. प्रवासी लायनरांपैकी कोणालाही त्यानंतर तो वेग गाठता आलेला नाही. युद्ध झालेच तर अल्पावधीत सुमारे १४,००० सैनिक वाहून नेता यावेत अशी रचना असल्यामुळे अमेरिकन सरकारने बांधणीचा मोठा खर्च उचलला होता आणि त्याच कारणाने इंजिनांची खरी ताकद कित्येक वर्षे गुप्त ठेवली गेली. पुढे जेट विमाने आली, प्रवासी आटले आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये जहाज सेवेतून काढले गेले. म्हणजे ते चालले १७ वर्षे आणि उभे आहे ५० वर्षांहून अधिक काळ.

उभे राहण्याच्या काळात त्याच्या वाट्याला काय आले नाही? १९८४ मध्ये आतले सामान लिलावात विकले गेले. १९९२ साली त्याला ओढत तुर्कस्तानला आणि तेथून पुढे क्रिमियातल्या सेवास्तोपोलला नेले गेले, तेथे ॲस्बेस्टॉस काढण्याच्या कामात आतल्या भिंती निघाल्या. परत आले ते नुसता सांगाडा होऊनच. तरीही २०११ साली, भंगारवाल्याने ५९ लाख डॉलर देऊ केलेले असताना, मालक कंपनीने ते ३० लाख डॉलरना जतनासाठी झटणाऱ्या संस्थेला विकले. एच. एफ. लेनफेस्ट या फिलाडेल्फियाच्या दानशूर गृहस्थांनी त्यासाठी पैसा दिला. संस्थेच्या प्रमुख सुझन गिब्स या आराखडाकाराच्या नात. आजोबांनी बांधलेले जहाज नातीने भंगारातून सोडवावे, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

आजचा पेच भाड्यातून उभा राहिला. धक्क्याच्या मालकाने २०२१ मध्ये दिवसाचे भाडे ८५० डॉलरवरून १,७०० डॉलरवर नेले आणि प्रकरण न्यायालयात गेले. जून २०२४ मध्ये न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी वाढीव भाड्याची थकबाकी संस्थेवर लादली नाही, मात्र ९० दिवसांत धक्का रिकामा करण्यास सांगितले. पैशाचा वाद संस्थेच्या बाजूने सुटला आणि जागाच गेली.

आता माझे प्रश्न.

पहिला प्रश्न जागेचा. जहाज सुमारे ३०२ मीटर लांब आणि ३१ मीटर रुंद आहे, इंजिने बंद आहेत, त्यामुळे ते टग (ओढून नेणाऱ्या बोटी) लावूनच न्यावे लागेल आणि नदीवरील पुलांखालून काढताना भरती-ओहोटीची वेळ साधावी लागेल. तात्पुरत्या मुक्कामासाठी, समजा वर्षभरासाठी, एखाद्या बंदराकडे विचारणा करायची झाल्यास ती नेमकी कोणाकडे करतात? बंदराच्या व्यवस्थापनाला आधी काय हवे असते : विम्याची कागदपत्रे, तळाच्या पत्र्याची तपासणी, की दोरखंड आणि बोलार्ड (धक्क्यावरचे दोरखंड बांधायचे खुंट) यांचा हिशेब? संस्था आपल्या परीने शोध घेतच आहे, परंतु वापरात नसलेला एखादा धक्का माहीत असलेली व्यक्ती कदाचित आपल्यातच असेल. न्यू जर्सी, बाल्टिमोर, नॉरफोक या पट्ट्यात बंदरांशी संबंधित कामे करणारी बरीच मराठी मंडळी आहेत.

दुसरा प्रश्न आठवणींचा. १९५२ ते १९६९ या काळात इंग्लंडमार्गे अमेरिकेत आलेल्या विद्यार्थ्यांपैकी आपल्या घरातले कोणी या जहाजाने आले होते का? तिकीट, सामानाची चिठ्ठी, जेवणाचे मेन्यूकार्ड, पत्र, फोटो, काहीही असल्यास त्याची स्वच्छ प्रत करून मला कळवावे. लोकप्रतिनिधींना पत्र लिहिताना हे जहाज फक्त श्रीमंतांच्या चैनीचे नव्हते, दोन ट्रंका घेऊन निघालेल्या परदेशी मुलांचेही होते, हे पुराव्यानिशी दाखवता येईल. वडील आता नाहीत, पण त्यांचे पत्र मी जोडणार आहे.

तिसरा प्रश्न लिहिताना जड जाते. जहाज वाचलेच नाही, तर त्यातले काय आणि कसे वाचवावे? याचा अनुभव आपल्याकडे आहे. 'विक्रांत' १९९७ साली नौदलातून निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने बंद झाली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढूनही २०१४ च्या अखेरीस मुंबईच्या दारुखाना या जहाजतोडणीच्या भागात तिच्यावर गॅसकटर चाललेच. त्या लढ्यात प्रत्यक्ष सहभागी असलेल्या सदस्यांनी, कोणते पाऊल उशिरा पडले, हे मोकळेपणाने लिहावे.

'फ्रान्स' या जहाजाची गोष्ट तर आणखी जवळची आहे. डिसेंबर १९६२ मध्ये 'मोनालिसा' हे चित्र 'फ्रान्स'मधून अमेरिकेला आले आणि मार्च १९६३ मध्ये 'युनायटेड स्टेट्स'मधून परत गेले. त्या दोन जहाजांपैकी 'फ्रान्स' पुढे 'नॉर्वे' झाले, 'ब्लू लेडी' झाले आणि २००६ साली गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्यावर चढवले गेले. ॲस्बेस्टॉसवरून सर्वोच्च न्यायालयात वाद होऊनही २००८ च्या अखेरीपर्यंत त्याचे तुकडे झाले. नाळेचे (जहाजाच्या पुढच्या निमुळत्या भागाचे) टोक मात्र कापून फ्रान्सला परत नेण्यात आले. अलंगमध्ये काम केलेले कोणी असल्यास, असा मोठा भाग अखंड सोडवण्यासाठी तोडणी सुरू होण्याआधी किती दिवस बोलणी करावी लागतात, हे मला समजून घ्यायचे आहे.

वाचलेल्या जहाजांची उदाहरणेही आहेत : लाँग बीचची 'क्वीन मेरी', योकोहामाचे 'हिकावा मारू', रॉटरडॅममध्ये हॉटेल झालेले 'रॉटरडॅम' आणि दुबईत २०१८ साली हॉटेल म्हणून उघडलेले 'क्वीन एलिझाबेथ २'. माझ्या मते या सर्वांत समान धागा एकच आहे. शहराने, बंदराने किंवा मोठ्या मालकाने त्यांना कायमची जागा दिली. पैसा नंतर आला, काही ठिकाणी पुरलाही नाही, पण जागा होती म्हणून जहाज टिकले.

भर : एका सदस्यांनी विचारले आहे की जहाज दुरुस्त करून पुन्हा समुद्रात का सोडत नाहीत. २०१६ साली एका क्रूझ कंपनीने तसा अभ्यास केला होता. खर्चाचा अंदाज सुमारे ७० कोटी डॉलर होता आणि तांत्रिक अडचणींमुळे काही महिन्यांतच तो विचार सोडावा लागला. सध्या प्रश्न फक्त जहाज बांधून ठेवण्याचा आहे.

दुसऱ्या एका ताईंनी समुद्रात बुडवून कृत्रिम रीफ (समुद्रजीवांसाठी तळावरचा आसरा) करण्याविषयी विचारले आहे. 'ओरिस्कनी' ही विमानवाहू नौका २००६ मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोलाजवळ अशीच बुडवली गेली आणि तेथे आज पाणबुडे जातात. ताई, वितळवण्यापेक्षा ते बरे, हे मला मान्य आहे. तरी ते जतन आहे असे मी म्हणू शकत नाही, कारण माझ्या मुलीला ते जहाज पुन्हा दिसणार नाही. तोच मार्ग उरला, तर निदान एक धुराडे उतरवून जमिनीवर उभे करावे, अशी मागणी आपण आत्तापासून लावून धरली पाहिजे. धातूचा एवढा मोठा भाग क्रेनने उतरवण्याचे काम केलेल्या अभियंत्यांनी त्याच्या शक्यतेविषयी दोन ओळी लिहिल्या तरी चालेल. त्या मी पत्रात नावानिशी किंवा नावाशिवाय, जसे सांगाल तसे, घालीन. पत्राचा मसुदा रविवारी रात्री पाठवायचा आहे.