मदत हवी आहे: ईमेल लिस्टवर एकाच आठवड्यात तीनदा तोंडघशी पडलो, आता तिथे परत कुठल्या तोंडाने जाऊ?

काचघाशा

मंडळी, मामला जरा लाजिरवाणा आहे पण इथे विचारल्याशिवाय इलाज नाही.

गेले सात-आठ महिने दुर्बिणीसाठी १५० मिमीचा आरसा हाताने घासतोय. एफ/८, म्हणजे फोकस व्यासाच्या आठपट अंतरावर. घासणं संपलं, डांबरासारख्या पिचच्या तबकडीवर (लॅपवर) पॉलिशही होत आलं आणि चाकूधारेची चाचणी (फुको टेस्ट, आरशाचा आकार तपासायची) घेतली तर कड पडलेली दिसतेय, म्हणजे काठ हवा त्यापेक्षा खाली वळलाय, ज्याला टर्न्ड एज म्हणतात ते. यावर काय करायचं ते शोधता शोधता कळलं की खरे जाणकार लोक एका जुन्या ईमेल लिस्टवर आहेत (एका पत्त्यावर मेल टाकला की सगळ्या मेंबरांना जातो ती), १९९८ पासूनचं अर्काइव्ह आहे तिचं, अजून चालू आहे आणि रोज पाच-दहा मेल येतात. म्हटलं चला.

जॉइन होतानाच पहिला घोळ. कन्फर्मेशनचा मेल स्पॅममध्ये जाऊन पडला, मला सापडला चौथ्या दिवशी, तोवर लिंक मेलेली. परत फॉर्म भरला, यावेळी लगेच क्लिक केलं, झालो मेंबर. मेल खूप येतील म्हणून डायजेस्टचा, म्हणजे सगळे मेल एकत्र बांधून एकाच मेलमध्ये येण्याचा, पर्याय टिक केला.

मग प्रश्न लिहिला, चाचणीचे चार फोटो जोडले आणि पाठवला. काहीच नाही. माझा मेल मलाच परत आला नाही, म्हणजे गेलाच नसणार असं वाटून दुसऱ्या दिवशी परत पाठवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी विषयात अर्जंट लिहून परत. चौथ्या दिवशी तिन्ही मेल एकदम लिस्टवर, पाठोपाठ, चार-चार फोटोंसकट!! एकाने तरी नीट उत्तर दिलं होतं, ते डायजेस्टमध्ये दिसलं, मी आनंदाने रिप्लाय दाबला आणि थँक यू लिहून पाठवलं. ते असं गेलं की वर माझी एक ओळ आणि खाली अख्खं डायजेस्ट, सगळ्यांचे सगळे मेल, आणि विषय 'अमुक डायजेस्ट, व्हॉल्यूम ६१, इश्यू ९'. तासाभरात तिथल्या एका ज्येष्ठ मेंबराचं दोन ओळींचं उत्तर: खालचा मजकूर कापत चला, विषय बदला, आणि एकच मेल तीनदा पाठवू नका. ना हाय ना हॅलो.

तेव्हापासून लिस्ट उघडायचीच हिंमत होत नाहीये. माफीचा मेल टाकू का? की दुसऱ्या ईमेलने, दुसऱ्या नावाने परत जॉइन होऊ? जुने मेल अर्काइव्हमधून काढून घेता येतात का? आणि माझा मेल मला का दिसला नाही हे कोणी समजावेल का, सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

उगाचच

२०२० मध्ये याहू ग्रुप्स बंद झाले तेव्हाच हा प्रकार संपला असं मला वाटत होतं. कशाला त्या खडूस लोकांच्या नादी लागता, एखाद्या व्हॉट्सॅप किंवा फेसबुक ग्रुपवर टाका की फोटो.

काचघाशा

@उगाचच टाकले होते हो. दोनशेच्या वर लाइक आले, "अप्रतिम", "छंद असावा तर असा". कडेबद्दल एक अक्षर कोणी बोललं नाही.

रात्रपाळी

तुमचा घोळ दोन वेगळ्या गोष्टी एकदम झाल्यामुळे झालाय.

पहिली: जीमेल वापरता ना? तुम्ही लिस्टला पाठवलेला मेल लिस्ट तुम्हालाही परत पाठवते, पण जीमेल त्याचा मेसेज आयडी बघतं, हा तर सेंटमध्ये आहेच म्हणतं आणि इनबॉक्समध्ये दुसरी प्रत दाखवतच नाही. वर्षानुवर्षं हे असंच आहे, सेटिंग वगैरे काही नाही त्याला. त्यात तुम्ही डायजेस्टवर, म्हणजे सुटा मेल तसाही येणार नव्हता. मेल पोचला की नाही हे इनबॉक्समध्ये नाही, लिस्टच्या अर्काइव्हच्या पानावर बघायचं.

दुसरी: मेल पोचला होता पण अडवून ठेवला होता. बऱ्याच जुन्या लिस्टी मेलमॅन नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात आणि त्यात मेलच्या आकाराची मर्यादा मुळात ४० केबी असते, चालवणाऱ्याने वाढवली नसेल तर तेवढीच. फोनचा एक फोटोच दोन-चार एमबी. मर्यादा ओलांडली की मेल मॉडरेटरच्या रांगेत जाऊन बसतो आणि तुम्हाला 'युअर मेसेज अवेट्स मॉडरेटर अप्रूव्हल' अशा विषयाचा मेल येतो, त्यात कारणही दिलेलं असतं. कन्फर्मेशन जिथे सापडलं होतं तिथेच हेही बघा, माझी पैज आहे.

काचघाशा

जिंकलात. स्पॅममध्ये तिन्ही आहेत, ओळीने. त्यात रांगेतला मेल रद्द करायची लिंकसुद्धा आहे 🤦

सुईदोरा

मी एक लिस्ट सांभाळते (विषय वेगळा आहे, भरतकाम-विणकामाचा), तेव्हा पलीकडच्या बाजूने सांगते.

मॉडरेशनची रांग मी दोन-तीन दिवसांनी उघडते. त्यात पन्नास गोष्टी असतात, पैकी पंचेचाळीस भंगार. उरलेल्यात एखादा खरा माणूस दिसला की इतका जीव भांड्यात पडतो की मी तिथल्या तिथे त्याच्या नावापुढे टिक करत सुटते. तोच मेल तीनदा आहे हे बघायला प्रत्येक उघडावा लागतो आणि रात्री साडेअकराला ते कोण करतंय. तुमच्या मॉडरेटरने तेच केलं असणार. म्हणजे तीनदा जाण्यात अर्धा हात त्याचा आहे, तुम्ही एकट्याने डोक्यावर घेऊ नका.

माफीचा मेल अजिबात नको. लिस्टवर पाचशे माणसं असतील तर पाचशे इनबॉक्समध्ये एक बिनकामाचा मेल, आणि मग दोन भले लोक "असू दे हो, होतं असं" म्हणून उत्तर देतात, त्यांना तिसरा उत्तर देतो... मी अशी एक माफी अकरा मेलांपर्यंत गेलेली बघितली आहे. अगदीच राहवत नसेल तर लिस्टच्या ओनर पत्त्यावर दोन ओळी लिहा, तो मेल फक्त चालवणाऱ्यांना जातो.

दुसऱ्या नावानेही येऊ नका. आरसा तोच, फोटो तेच, तिसऱ्या मेलला ओळखतील आणि तेव्हा खरंच लाज जाईल.

अर्काइव्हमधून काढण्याबद्दल, ओनर बहुतेक नाही म्हणेल. मेलमॅनच्या जुन्या आवृत्तीत मेल काढायचा तर मूळ फाइलमध्ये हात घालून सगळं अर्काइव्ह परत बांधावं लागतं, त्यात पानांचे नंबर सरकतात आणि लोकांनी जागोजागी दिलेल्या लिंका चुकीच्या मेलवर जायला लागतात. कोणी फोन नंबर किंवा घरचा पत्ता टाकला असेल तरच आम्ही तो खटाटोप करतो. शिवाय प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये प्रत आहेच, ती कोण काढणार?

जुनाट

त्या ज्येष्ठ मेंबराची बाजू कोणी घेत नाहीये म्हणून मी घेतो. ते दोन ओळींचं उत्तर राग नव्हे हो, त्या जगात लोक असंच लिहितात, हाय हॅलो कोणीच करत नाही. त्याने तुम्हाला तीन नेमक्या गोष्टी सांगितल्या, तुम्ही वाईट वाटून घेतलंत. तो गप्प बसला असता आणि तुमचे मेल न वाचता उडवायला लागला असता तर तुम्हाला कळलंसुद्धा नसतं.

आता कापायचं म्हणजे काय, तर डायजेस्ट बंद करा आधी. डायजेस्ट वाचायला बरं, उत्तर द्यायला वाईट, कारण विषय बदललात तरी मूळ मेलशी त्याचा धागा जुळत नाही, अर्काइव्हमध्ये तुमचं उत्तर अनाथासारखं वेगळंच लटकतं. सुटे मेल घ्या आणि फिल्टर लावून एका लेबलखाली टाका, इनबॉक्स साफ राहील. मग ज्या वाक्याला उत्तर देताय तेवढंच ठेवायचं, बाकी सगळं उडवायचं आणि उत्तर त्याच्या खाली:

> पिच थंड असताना पॉलिश केलं होतं का?

नाही, कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून मग.

> स्ट्रोक किती लांब?

व्यासाच्या साधारण निम्मा.

बस. वाचणाऱ्याला मागचं काही शोधावं लागत नाही. आणखी एक, नवा प्रश्न असेल तर नवा मेल, जुन्या मेलला रिप्लाय दाबून नुसता विषय बदलायचा नाही. तुम्हाला दिसत नसलं तरी आत जुन्या मेलचा संदर्भ राहतो आणि तुमचा प्रश्न भलत्याच चर्चेच्या पोटात शिरतो. सही चार ओळींच्या आत. हे नियम काही माझ्या मनाचे नाहीत, आरएफसी १८५५ म्हणून इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचा १९९५ सालचा एक कागद आहे, त्यात तर आधी महिना-दोन महिने नुसतं वाचा आणि मगच लिहा असंही म्हटलंय. तेवढा दम माझ्यातही नव्हता (ह. घ्या.).

रात्रपाळी

जुनाट यांच्याशी सहमत. एक भर, प्लेन टेक्स्टमध्ये (नुसती अक्षरं, रंग-फॉन्ट काही नाही) पाठवा. कॉम्प्युटरवर जीमेलच्या कंपोझ खिडकीत तीन टिंबांखाली 'प्लेन टेक्स्ट मोड' आहे. फोनच्या अ‍ॅपमध्ये तो पर्याय नाही, आणि लिनक्स कर्नलसारख्या काही लिस्टी सजावटीचे (एचटीएमएल) मेल सरळ परत फेकतात.

अवांतर: काही लिस्टींवर नावापुढे 'व्हाया' अमुक लिस्ट असं दिसतं ना, त्यामागे २०१४ ची भानगड आहे. एप्रिलमध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी डीमार्क कडक केलं, म्हणजे याहूच्या नावाचा मेल याहूच्या सर्व्हरवरून आला नसेल तर नाकारा, आणि लिस्टी तर दुसऱ्याचाच मेल पुढे पाठवतात, त्यामुळे धडाधड बाउन्स व्हायला लागले, ज्यांच्याकडे बाउन्स झाले त्या बिचाऱ्यांची मेंबरशिप बंद पडली. मग लिस्टींनी पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा पत्ता टाकायला सुरुवात केली. म्हणून कोणाला खाजगीत लिहायचं असेल तर रिप्लायवर विसंबू नका, 'टू'च्या खान्यात कोणाचा पत्ता आलाय ते वाचा आणि मग सेंड. मी एकदा एकाबद्दल त्याच्याच मित्राला खाजगीत काहीतरी लिहिलं होतं, ते चारशे लोकांनी वाचलं. पुढचं विचारू नका.

काचघाशा

हे वाचून माझं दुःख बरंच हलकं झालं 😄

डायजेस्ट बंद केलं. फोटो एका ठिकाणी अपलोड करून फक्त लिंक देतोय. कच्चा मेल असा आहे, कोणी बघाल का:

विषय: मदत हवी, आरशाचा प्रॉब्लेम
"नमस्कार, मी नवीन आहे, मागच्या आठवड्यातल्या मेलांबद्दल मनापासून क्षमस्व. माझ्या आरशाची कड पडली आहे असं वाटतं. काय करावं? कृपया मार्गदर्शन करावे."

सुईदोरा

क्षमस्व काढा. विषयही बदला, त्या लिस्टवर सगळ्यांनाच आरशाचे प्रॉब्लेम आहेत, म्हणून तर ते तिथे आहेत. आकडे विषयातच टाका. आणि 'काय करावं' याला कोण काय उत्तर देणार? काय केलंत, किती वेळ, नेमकं काय दिसलं ते लिहा, मग एकच प्रश्न. माझ्या लिस्टवर 'टाके खराब येतात, मदत करा' या मेलला कोणी हात लावत नाही. तेच 'तिसऱ्या रांगेपासून टाका डावीकडे झुकतो, दोरा अमुक नंबरचा' असं लिहिलं की दहा जणी तुटून पडतात.

काचघाशा

अपडेट. परवा रात्री पाठवलेला मेल:

विषय: टर्न्ड एज, १५० मिमी एफ/८, पूर्ण आकाराचा पिच लॅप
"पॉलिशचे साधारण ९ तास झाले. आरसा वर, लॅप खाली, स्ट्रोक व्यासाच्या निम्मा. चाचणीत कडेची उजळ रेघ एकाच बाजूला दिसते, दुसऱ्या बाजूला नाही. बाहेरचा अंदाजे २ मिमीचा पट्टा गेलाय असं वाटतं. फोटोंची लिंक खाली. प्रश्न: स्ट्रोक कमी करून हे भरून येईल की कड काळी करून झाकणं बरं?"

मर्यादेत होता, त्यामुळे लगेच गेला. इनबॉक्समध्ये अर्थातच दिसला नाही, पण अर्काइव्हमध्ये पाच मिनिटांत होता. मीच चार वेळा जाऊन बघून आलो.

सकाळी उठलो तर चार उत्तरं. एक म्हणतो झाका, २ मिमी झाकले तर १४६ मिमी उरतात, प्रकाश पाच टक्क्यांच्या आसपास जाईल, डोळ्याला कळणारही नाही. दुसरा म्हणतो झाकणं हा पळपुटेपणा, स्ट्रोक एक चतुर्थांश करा आणि कडेवर हाताचा भार देऊ नका. त्या दोघांचं आपापसातच जुंपलंय, मला बाजूलाच ठेवलंय.

आणि तो ज्येष्ठ मेंबर, दोन ओळीवाला, त्याचंही उत्तर आलं. यावेळी एकच ओळ, माझं 'पॉलिशचे साधारण ९ तास' एवढंच ठेवून त्याच्याखाली: पॉलिश थांबवल्यावर किती वेळाने चाचणी घेतलीत?

मी घेतली होती दहा मिनिटांनी. धीर नव्हता. तसं लिहिलं. तर म्हणे काच गरम होती, कड आधी निवते आणि मधला भाग मागाहून, चाचणीत त्या वेळी जे दिसतं त्यातलं निम्मं तर काचेच्या तापाचं असतं, तीन तास ठेवा आणि मग बघा, तोवर लॅपला हात लावू नका.

काल संध्याकाळी पॉलिश न करता, आरसा स्टँडवर तसाच ठेवून तीन तासांनी पाहिलं. उजळ रेघ दोन्हीकडे आहे, कड नीट असली की दिसते तशी. एका बाजूला थोडी फिकी आहे, म्हणजे कड थोडी पडलीये हे खरं, पण मी समजत होतो तसलं काही नाही.

आत्ता त्यालाच उत्तर लिहितोय. त्याची एक ओळ ठेवलीये, बाकी सगळं कापलंय, टू मध्ये लिस्टचाच पत्ता आहे हे दोनदा वाचलंय. @सुईदोरा, फिक्या बाजूचा नवा फोटोही द्यायचाय, तो याच मेलमध्ये लिंक म्हणून देऊ ना, की त्याला नवा विषय लागतो?

सुईदोरा

याच मेलमध्ये. पाठवा आता.